रस्त्याचं टेंगूळ

सिंधूमावशीच्या स्वयंपाकघरात एक पितळी तांब्या आहे. त्यातून कुणी पाणी पीत नाही. तो फळीवर, एका मोठ्या परातीत पालथा घातलेला असतो. तांब्याचं बूड गोलसर, आणि त्या बुडावर स्टीलचा एक पेला जेमतेम तोल धरून उभा. जमीन जराशी हलली की पेला परातीत पडतो. परात अशी वाजते की मेलेला माणूस उठून बसावा. मग मावशी हातातलं असेल ते हातात घेऊनच रस्त्यावर येते आणि ओरडते, "भायेर या! भायेर या!"

मावशी किल्लारीजवळच्या गावची. भूकंप झाला तेव्हा तिच्या लग्नाला चार महिने झाले होते. सासरचं घर दगडामातीचं, दोन-दोन हात रुंद भिंतींचं. त्या घरातून ती आणि तिचा नवरा बालाजी, दोघंच बाहेर आले. आत कोण कोण राहिलं हे ती सांगत नाही. शेंगाचटणीचा विषय निघाला की मात्र म्हणते, "आमच्या आत्याबाईसारखी न्हाई जमत मला." आत्याबाई म्हणजे सासू.

पुढं बालाजीमामांनी जीप घेतली. किल्लारी ते लातूर फेऱ्या मारता मारता लातुरातच मुक्ताई कॉलनीत प्लॉट घेतला, घर बांधलं. चार भिंती आणि वर पत्रा. आता बालाजीमामा नाहीत. आजूबाजूला तीन-तीन, चार-चार मजले चढले, मावशीचं घर मात्र दोन उंच माणसांमध्ये बसलेल्या लेकरासारखं खालीच राहिलं. तिच्या शेजारी मडिवाळप्पांचं मुलींचं होस्टेल. मडिवाळप्पा उदगीरकडचे, होस्टेल भरलं की त्यांना मावशीचा प्लॉट दिसायचा.

"मावशी, चार मजले काढू," ते दर दोन महिन्यांनी यायचे. "खालचा फ्लॅट तुमचा. वर पोरी. कपाट, फरशी, सगळं एकदम टकाटक."

"वर काय टाकणार?"

"वर? स्लॅब."

"न्हाई मंग."

"यप्पा! आता कोण पत्र्यात राहतंय, मावशी?"

"पत्रा पडला तर उचलता येतो, अप्पा. स्लॅब न्हाई उचलता येत."

मडिवाळप्पा चहा पिऊन जायचे.

एम.ए. करताना मी दोन वर्षं त्यांच्या होस्टेलवर राहिले आणि मावशीच्या मेसला जेवले. पहिल्याच आठवड्यात मी पेला पडताना ऐकला. होस्टेलच्या साऱ्या मुली जिने उतरून रस्त्यावर, समोरचे गुरुजी अर्ध्या दाढीला साबण लावून रस्त्यावर. नंतर कळलं, मांजरानं पेला पाडला होता. मला वाटलं, लोक चिडतील. कुणी चिडलं नाही. गुरुजी उरलेली दाढी करायला आत गेले. जाता जाता मला म्हणाले, "पळायचं बरं का. लातुरात पळायचं आधी, विचारायचं मागून."

मांजराशिवाय पेला पाडणारे आणखीही होते. एकदा मिरवणुकीतला डीजे. एकदा मागच्या प्लॉटमध्ये बोअर मारायचं मशीन आलं, तेव्हा मावशीनं अख्खा दिवस रस्त्यावर पाट मांडून तिथंच पन्नास भाकरी थापल्या. बोअरला पाणी लागलं नाही, पण त्या दिवशीच्या भाकरी फार छान झाल्या होत्या असं जुन्या मुली सांगायच्या. गल्लीत कुणी कुणाला भेटलं की "काय चाललंय?" असं विचारत नसे. "पेला कसाय?" असं विचारत.

या पेल्यामुळंच मावशीला जन्नतबी मिळाली. गल्लीत दोनच घरं होती तेव्हाची गोष्ट. एका दुपारी पेला पडला. मावशी ओरडत बाहेर आली, आणि समोरच्या घरातून एकटी जन्नतबी आली. ती साड्यांना पिको-फॉल करायची, गळ्यात टेप तसाच. "क्या हुआ गे?" मावशीला घरात परत पाऊल टाकवेना. जन्नतबी आणखी काही न विचारता तिच्याजवळ लिंबाखाली बसली, ऊन उतरेपर्यंत बसली. मग घरी जाऊन चहा करून घेऊन आली. तेव्हापासून चार वाजता चहा. इतकंच की दुसऱ्या दिवसापासून तो मावशीच्या ओट्यावर व्हायला लागला, आणि जन्नतबी रस्ता ओलांडून येताना आपला कप आपल्याबरोबर आणायला लागली.

"तुझे कप लई बारके, सिंदू. घसा ओला होईपर्यंत संपतो चहा."

"मंग घागर घिऊन ये."

"आणते की. भरशील का?"

रस्ता वीस फुटांचा. पूर्वी त्यावरून दिवसाकाठी दोन सायकली आणि एक म्हैस जायची. आता ट्यूशन सुटल्या की आधी चारला आणि मग पावणेपाचला, मुख्य रस्त्यावरची गर्दी चुकवण्यासाठी शंभर-दोनशे दुचाक्या आमच्या गल्लीत घुसायच्या. एकेकीवर तिघं. मुख्य रस्त्यावर नियम होते, गल्लीत नुसता उतार होता.

आषाढातली गोष्ट. जन्नतबी कप घेऊन निघाली आणि अर्ध्या रस्त्यात तिला गाडीनं उडवलं. गाडीवाला मुलगा नीटची तयारी करत होता. डॉक्टर व्हायला लातूरला आलेल्या पोरानं पहिलं हाड मोडलं ते जन्नतबीचं. तोच तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला आणि तिच्यापेक्षा जास्त रडला. पाय दोन ठिकाणी मोडला होता. कपाला मात्र काही झालं नाही. मावशीनं तो रस्त्यातून उचलून, धुऊन आपल्या फळीवर ठेवला.

जन्नतबीचा मुलगा साद नांदेडला नोकरीला. तो बायकोला, नाझनीनला घेऊन आला, पंधरा दिवस राहिला. दीड महिन्यानं प्लॅस्टर निघालं, आईच्या हातात काठी आली, तेव्हा तो परत आला आणि मावशीच्या ओट्यावर येऊन बसला.

"मावशी, अम्मीला नांदेडला नेतो."

"नेतो म्हंजे? किती दिवस?"

"कायमचं. तिथं आमचा फ्लॅट आहे, लिफ्ट आहे. आत वॉचमन आहे. इथं तिला कोण बघणार? रस्ता ओलांडायचा नाही असं मी सांगितलंय, पण चार वाजले की ती काठी शोधती."

"मी जात जाईन की तिच्याकडं."

"तुम्हाला उडवलं तर?"

साद तसा गुणी मुलगा. त्याच्या लहानपणी त्याच्या शाळेच्या डब्यात मावशीच्याच हातची भाकरी असायची. तो म्हणाला, "रस्त्यावर काही बंदोबस्त झाला असता तर गोष्ट वेगळी होती. दिवाळीपर्यंत बघतो. मग घेऊन जातो."

त्या संध्याकाळी मावशीनं मला बोलावलं. भाजी वाढता वाढता म्हणाली, "तू मराठीत एम.ए. करून राहिली ना? मंग अर्ज लिव. रस्त्याला टेंगूळ पायजे."

"काय पाहिजे?"

"टेंगूळ गं. डोक्याला येतं तसं रस्त्याला. गाड्या हळू करतंय ते."

"गतिरोधक."

"गती... रो... मरू दे. टेंगूळच."

मी रात्रभर बसून अर्ज लिहिला. 'पादचाऱ्यांच्या मनावर सायंकाळी दाटून येणारं भयाचं सावट' असं एक वाक्य मला फार आवडलं होतं. मावशीनं सगळं ऐकून घेतलं.

"सावट कशाला? पाय मोडला असं लिव की."

मग चार ओळींचा अर्ज झाला. त्यावर सह्या गोळा करायला मावशी घरोघर हिंडली. एकाही घरानं नाही म्हटलं नाही. गुरुजींनी सही केली, मडिवाळप्पांनी केली, त्यांच्या होस्टेलच्या चाळीस मुलींनी केली, गाडी अंगावर घालणाऱ्या त्या मुलानंही केली. मावशी खूश झाली. गल्ली एक आहे असं तिला वाटलं. अर्जात टेंगूळ पाहिजे एवढंच लिहिलं होतं. कुणाच्या दारासमोर ते लिहिलेलं नव्हतं.

ते सप्टेंबरातल्या बैठकीत निघालं. निवडणुका येणार येणार म्हणत होते, त्यामुळं मारुतीच्या पारावरच्या बैठकीला न बोलावता दोन पुढारी आले. शिवलिंगअप्पा मागचे नगरसेवक; बजरंगभाऊ मागच्या वेळी त्यांच्याकडून पडलेले. दोघंही पांढरेशुभ्र, दोघांच्याही मागं चार-चार माणसं मोबाईल धरून.

"माय-माउलींनो," शिवलिंगअप्पा म्हणाले, "एक गतिरोधक मागता? मी दोन देतो."

"दोनानं काय होतंय!" बजरंगभाऊ उठले. "मी तीन देतो. आन् तेही रबराचे!"

"रबराचे चार!"

"चार, आन् वरून पिवळे पट्टे!"

"आवो, थांबा," मावशी म्हणाली. "लग्नाचा रुखवत न्हाई हा. मला एकच द्या. पण ह्याच महिन्यात द्या."

टाळ्या पडल्या. मग गुरुजींनी साधा प्रश्न विचारला, "कुठं करायचा?"

आणि जो तो शेजाऱ्याकडं बघायला लागला.

पहिले मडिवाळप्पा बोलले. होस्टेलसमोर नको, पोरी स्कूटीवरून पडतात, पालक मलाच धरतात. गुरुजी म्हणाले, माझ्या दारासमोर हरकत नव्हती, पण हिच्या कंबरेचं दुखणं आहे. गुरुजींची बायको गाडीवर बसत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोपऱ्यावरच्या शंकरप्पांचं किराणा दुकान. ते म्हणाले, दुकानासमोर गाड्या हळू होतात हे चांगलं, पण हळू झालेली गाडी हॉर्न वाजवती, आणि आमच्या दुकानात देव आहेत. प्रत्येकाला टेंगूळ पाहिजे होतं, शेजारच्याच्या कपाळावर.

"आसं करा," शेवटी मावशी वैतागून म्हणाली, "समदेजण आळीपाळीनं आपापल्या दारात आडवे पडा. टेंगूळ लागतच न्हाई."

पुढच्या आठवड्यात पालिकेचे इंजिनिअर सुगतसाहेब टेप घेऊन आले. तरुण, बोलायला मऊ. त्यांनी पुढाऱ्यांना नमस्कार केला आणि मग त्यांच्याकडं पाठ करून मोजायला लागले. कोपऱ्यापासून इतकं अंतर पाहिजे, म्हणजे शंकरप्पा सुटले. होस्टेलसमोर नालीचं चेंबर, म्हणजे मडिवाळप्पा सुटले. गुरुजींसमोर पाण्याची लाईन वर होती. साहेब मागं मागं येत मावशीच्या ओट्याशी थांबले. डाव्या हाताला मावशीचं घर, उजव्या हाताला जन्नतबीचं.

"इथंच," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंनी लांबून दिसतोय. आणि आजीला ओलांडायचं तेही इथंच ना? बरोबर बसतंय."

सगळी गल्ली हसली. मडिवाळप्पा तर टाळी द्यायला हात पुढं करून उभे राहिले. "मावशी, तुमचं टेंगूळ तुमच्याच दारात! अजून काय पायजे?"

मावशी हसली नाही. ती आपल्या भिंतीकडं बघत होती. रस्ता आणि तिचं स्वयंपाकघर यांत चार फुटांचा ओटा, बस. फळी त्याच भिंतीला.

"साहेब," तिनं विचारलं, "जड गाडी त्याच्यावरून गेली तर भिंत हालंल का?"

"थोडं जाणवतंच, मावशी. म्हणून तर तुमची ना-हरकत लिहून घेतो. लोक आधी मागतात आणि नंतर काढा म्हणून येतात." त्यांनी एक कागद दिला. "चार-आठ दिवसांत कळवा. आचारसंहिता लागली की मग काही करता येणार नाही."

मावशीनं तो कागद परातीखाली ठेवला आणि तीन दिवस त्याचं नाव काढलं नाही. गल्लीला गंमत वाटत होती. टेंगुळाची आई टेंगुळाला भ्यायली, असं शंकरप्पांच्या दुकानात म्हणत होते. मला गंमत वाटेना. तीन दिवस तिच्या भाजीत मीठ कमी होतं.

चौथ्या दिवशी तिनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. "इथं भिंतीपाशी उभी रहा. आता मार उडी."

"उडी?"

"बघू तरी किती हालतंय ते. मार."

मी उडी मारली. पेला जागचा हलला नाही.

"काय खातीस का न्हाई तू?" मावशी म्हणाली. "जा, त्या तिघीला बोलाव."

जेवायला आलेल्या तीन मुली आल्या. मावशी आम्हाला ओळीनं उभं करून स्वतः फळीसमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "मी तीन म्हणलं की मारा. एक. दोन. तीन!"

आम्ही चौघींनी उडी मारली. पेला डुलला, कलला आणि परातीत पडला. आणि तीन म्हणणारी मावशी जागेवर नव्हती. ती रस्त्यावर होती. हातात उलथनं, डोक्यावरचा पदर खांद्यावर, आणि तोंडानं "भायेर या! भायेर या!" होस्टेलचे जिने धडधडायला लागले होते, गुरुजी दारात आले होते. आम्ही चौघी आत एकमेकींकडं बघत उभ्या. हसू येत होतं आणि हसताही येत नव्हतं.

मावशी परत आली, पाटावर बसली. उलथनं खाली ठेवत म्हणाली, "मीच म्हणलं होतं ना तीन?"

"हो, मावशी."

"मला म्हाईत होतं. पायाला न्हवतं म्हाईत."

रविवारी साद गाडी घेऊन आला. दिवाळीला अजून वेळ होता, पण पालिकेचा कागद अडलाय हे त्याच्या कानावर गेलं होतं. कुणामुळं अडलाय हे जन्नतबीनं त्याला सांगितलं नव्हतं आणि मावशीलाही कधी बोलून दाखवलं नव्हतं. तिनं शिलाई मशीन बांधून घेतलं. मशीनवर जुनी चादर, चादरीवर दोरी. मावशी आपल्या ओट्यावरून ते बांधणं बघत होती. मधे वीस फूट रस्ता, आणि त्यावरून सूं सूं गाड्या.

जन्नतबी दारात येऊन काठीवर टेकली. मोठ्यानं म्हणाली, "सिंदू! माझा कप तुझ्याकडं हाय गे."

"हाव. हाय."

"आणून दे. नांदेडचे कप कसे असतात काय म्हाईत."

मावशी आत गेली. मला वाटलं, कप आणायला गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कप नव्हता, परातीखालचा कागद होता. तिनं मला हाक मारली. "लिव. माझ्या दारासमोर टेंगूळ करायला माझी हरकत न्हाई."

"गतिरोधक लिहू का?"

"टेंगूळ लिव. मी ज्याला हाव म्हणायली त्येच लिव."

तिनं भर रस्त्यात उभं राहून, कागद माझ्या पाठीवर ठेवून सही केली. एक गाडीवाला करकचून थांबला, दुसरा वळसा घालून गेला. मग ती पलीकडं गेली आणि सादच्या हातात कागद दिला.

"वाच. आता सोड ती दोरी."

सादनं वाचलं. "टेंगूळ म्हणजे?"

"तुझ्या डोक्याला येईल आता," जन्नतबी आतून म्हणाली. "सोड म्हणतिया ना ती."

साद हसला. मशीन त्यानं सोडलं, दोरी मात्र घडी घालून खिडकीत ठेवली. "मावशी, आधी होऊ द्या. महिनाभर बघतो."

टेंगूळ झालं, आचारसंहितेच्या पाच दिवस आधी. ठेकेदाराच्या माणसांनी डांबर उरलं म्हणून तेही वर टाकलं, त्यामुळं ते बसलेल्या उंटाएवढं झालं. शिवलिंगअप्पांनी सकाळी नारळ फोडला, बजरंगभाऊंनी संध्याकाळी. एकाच टेंगुळाच्या एका बाजूला एकाच्या प्रयत्नांचा बोर्ड, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याच्या. दोन्ही नारळांचं खोबरं मावशीनं चटणीला वापरलं.

पहिल्या दिवशी पेला अकरा वेळा पडला. पहिल्या तीन वेळा सगळी गल्ली रस्त्यावर आली. चौथ्या वेळी लोकांनी नुसती डोकी खिडकीतून काढली. सातव्या वेळी तीही नाही. मावशी मात्र अकराच्या अकरा वेळा धावली. चारच्या सुमाराला ती रस्त्यावर उभी राहून धापा टाकत होती, आणि समोरून जन्नतबी येत होती. काठी टेकत, अगदी सावकाश. दोन्हीकडच्या गाड्या टेंगुळाशी येऊन गोगलगायी झालेल्या. एका मुलानं तर पाय टेकून "जा आजी" म्हटलं.

"कशाला गे भायेर उभी?" जन्नतबी म्हणाली. "मला घ्यायला आली का?"

"हाव," मावशी म्हणाली. "तुलाच घ्यायला."

मी म्हटलं, मावशी, आता तो तांब्या काढून ठेवा. ती म्हणाली, ते काढायचं न्हाई. पण हळूहळू दुसरंच घडायला लागलं. महिन्याभरानं तिला पेल्याच्या आवाजावरून गाडी ओळखता यायला लागली. पेला नुसता किणकिणला तर स्कूटी. डुलला तर रिक्षा. कलून सावरला तर शाळेची बस. पडला तर पाण्याचा टँकर, आणि टँकर असला की मावशी धावायच्या आधी क्षणभर थांबायची, कान द्यायची, मग हळूच खाली बसायची. कधी कधी तरी धावायचीच. निवडणूक झाली; कोण आलं, कोण पडलं यावर गल्लीत चार दिवस वाद झाला. मावशीनं एवढंच म्हटलं, "कुनीबी आलं तरी टेंगूळ तिथंच हाय." साद महिनाभर बघतो म्हणाला होता, तो बघतच राहिला. खिडकीतली दोरी जन्नतबीनं कपडे वाळत घालायला बांधली.

फाल्गुन सरता सरता लातूरला टँकर रोजचे झाले. आमच्या गल्लीत रोज पाचच्या सुमाराला यायचा. अशाच एका दुपारी, चार वाजून गेले होते, मी होस्टेलच्या खोलीत वाचत बसले होते आणि माझ्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास आपोआप सरकला. खिडकीची काच थरथरली. खालून कुणीतरी ओरडलं आणि मी पळाले. जिन्यात चाळीस मुली, खाली मडिवाळप्पा एका पायात चप्पल घालून, गुरुजी, शंकरप्पा, सगळे रस्त्यावर. रस्त्यावरच्या गाड्याही थांबलेल्या. सगळे होते, फक्त रोज पहिली येणारी नव्हती.

मी मावशीच्या दारात धावले. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून गाळणीतून चहा गाळत होती. जन्नतबी पाटावर, हातात तिचा तो मोठा कप. ऊन तापल्यापासून त्या दोघी ओट्याऐवजी आत बसायच्या. परातीत पेला पडलेला होता.

"मावशी! बाहेर या!"

"टँकर हाय गं," मान वर न करता ती म्हणाली. "रोजचंच हाय. जा, वाच जा."

"आज लौकर आला," जन्नतबी म्हणाली.

तेवढ्यात जन्नतबीचा मोबाईल वाजला. सादचा आवाज मला दारात ऐकू येत होता. "अम्मी! भूकंप झाला! नांदेडला सगळे बिल्डिंगखाली आलेत! लिफ्ट बंद केली, नऊ मजले चालत उतरलो! तुम्ही बाहेर आहात ना? अम्मी?"

"हौ रे," जन्नतबी म्हणाली. "आम्ही... चहा पिऊन राहिलो."

तिनं फोन ठेवला. मावशीनं गाळणी खाली ठेवली आणि दारातून रस्त्याकडं बघितलं. टँकर नव्हता. टेंगुळावर एक कुत्रं उभं होतं आणि भोवती सगळी गल्ली. मडिवाळप्पा हातवारे करून सांगत होते, "मावशी, खराच होता! बारीक होता, पण खरा!"

मावशीनं पत्र्याकडं बघितलं, मग भिंतीकडं, मग स्वतःच्या पायांकडं, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. मग उठली, परातीतला पेला उचलला, पदरानं पुसला आणि पालथ्या तांब्यावर परत उभा केला. तो दुसऱ्या खेपेला उभा राहिला.

"आता काय करायचं, सिंदू?" जन्नतबी काठी चाचपत म्हणाली. "जायचं का भायेर?"

मावशीनं गाळणी परत उचलली.

"झाला की आता होऊन," ती म्हणाली. "बस. चहा निवून राहिला."